खिडकीजवळचं आठवं पीप

बर्गंडीच्या माणसाला अर्धवट रितं पीप दिसलं की त्याच्या पोटात दुखायला लागतं. पीप काठोकाठ भरलेलं हवं, वाइनला वारा लागता कामा नये, हे त्या लोकांना बाळकडूतूनच पाजलेलं असतं. दर आठवड्याला हातात कॅन घेऊन ते तळघरात फिरतात आणि जिथे दोन बोटं कमी झालं असेल तिथे भर घालतात. आम्ही शेजारच्या ज्युरा डोंगरातली माणसं उलट्या खोपडीची. आमच्या पिवळ्या वाइनचं पीप एकदा भरलं की सहा वर्षं तीन महिने आम्ही त्यात थेंबाची भर घालत नाही. वाइन हळूहळू उडून जाते, पीप रितं होत जातं, आणि आत दुधावर यावी तशी पातळ साय धरते. त्या सायीखाली बसून बसून सावान्यां द्राक्षाची आंबटढाण वाइन सोन्याच्या रंगाची आणि अक्रोडाच्या वासाची होते. म्हणजे, व्हायची असली तर होते. नाहीतर व्हिनेगर होतं आणि घरात वर्षभर सॅलड खावं लागतं.

मी उर्सुल. वय सत्तर. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला मी दारापर्यंत पोचवून येते. पोलिन्यीच्या वरच्या उतारावर आमचा मळा आहे. तो माझा धाकटा भाऊ अंतेल्म आणि त्याची बायको जिस्लेन बघायचे. मी दुकान बघते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाइन चाखवते आणि कशाबरोबर काय प्यावं हे न विचारता सांगते.

अंतेल्म बोलका होता. बोलका म्हणजे किती, तर तो बोलायला लागला की पाहुण्यांच्या ताटल्या गार व्हायच्या आणि कोणाची उठायची हिंमत व्हायची नाही. माझा त्याच्यावर फार जीव होता. एका ऑक्टोबरात त्यानं हंगामातलं शेवटचं पीप भरलं, आणि पुढच्या मार्चमध्ये छाटणी करता करता दम खायला म्हणून बांधावर बसला, तो उठलाच नाही.

पिवळ्या वाइनची पिपं आम्ही वर माळ्यावर ठेवतो. पण त्या वर्षी पीक असं बेफाट आलं होतं की माळा भरून गेला. मग अंतेल्मनं ते शेवटचं पीप खाली तळघरात ठेवलं, खिडकीकडच्या रांगेच्या टोकाला. "इथे वारा लागेल बेट्याला," म्हणाला. रांगेतली बाकीची सात पिपं साध्या, ताज्या सावान्यांची. ती आम्हीही बर्गंडीसारखी भरत राहतो. आठव्यावर ना खूण, ना खडूची रेघ. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, मग लिहायचं कोणासाठी? सहा वर्षं मी त्या पिपाजवळून जाताना पाय न वाजवता जायची. माझ्या भावाची एवढीच गोष्ट पुरी व्हायची राहिली होती.

आणि मग शेजारी एदमे आला.

बर्गंडीतल्या बोनच्या एका वाइनवाल्याकडे चाळीस वर्षं तळघर सांभाळून निवृत्त झालेला हा गृहस्थ. बायको वारलेली, मुलगी दिजाँला. डोंगरातली हवा मानवते म्हणून आमच्या शेजारचं घर त्यानं घेतलं. सहा फूट उंची, हात सुपाएवढे, आवाज मात्र चर्चमध्ये बोलल्यासारखा. जिस्लेननं शेजारधर्म म्हणून त्याला जेवायला बोलावलं. मी मोर्तोचं धुरावलेलं सॉसेज आणि उकडलेले बटाटे वाढले आणि पेल्यात पुल्सार ओतली. त्यानं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मादमोआझेल, लाल आधी?"

"मग काय नंतर?"

"आमच्याकडे आधी पांढरी आणि मग लाल."

"तुमच्याकडे असेल. आमची पुल्सार पातळ सालीची, फिकी, लाजाळू पोर आहे. तिच्याआधी सावान्यांला बोलू दिलं तर हिचा आवाज कोणाला ऐकू जाणार? आधी पुल्सार, मग दुसरी लाल, त्रुसो, मग पांढऱ्या, आणि पिवळी सगळ्यांच्या शेवटी. प्या गुपचूप."

तो प्याला. सॉसेजचा तुकडा खाल्ला, परत प्याला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं मी उलटा जेवलो म्हणायचं."

जिस्लेन हसली. खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अंतेल्म गेल्यापासून ती अशी हसली नव्हती, आणि मला ते आवडलं नाही. खोटं कशाला सांगू, नाही आवडलं.

त्यानंतर दीड वर्ष तो येतच राहिला. मोडलेलं दार बसवून दिलं, छाटणीला आला, पंप दुरुस्त केला. येताना कधी ब्रेसची कोंबडी, कधी मोहरीची बरणी, कधी लसूण-लोण्यातल्या गोगलगायी. जिस्लेन रविवारी केस विंचरून बसायला लागली. मी एदमेशी मोजून बोलायची. हो, नाही, पाय पुसा, एवढंच.

गेल्या ऑक्टोबरात सावान्यांची तोडणी सुरू झाली. हे द्राक्ष सगळ्यांत शेवटी पिकतं, आणि तोवर माणसाची हाडं थकलेली असतात. जिस्लेन ट्रॉलीवरून उतरताना घसरली आणि घोट्याला प्लास्टर बसलं. तळघरात भर घालायचा दिवस आला तेव्हा एदमे माझ्याकडे दुकानात आला.

"मादमोआझेल, मी भरतो पिपं. कुठली भरू?"

त्या सकाळीच तो जिस्लेनला डझनभर गोगलगायी देऊन आला होता आणि तिनं त्या न्याहारीला खाल्ल्या होत्या. न्याहारीला! माझं डोकं आधीच तापलेलं.

"खिडकीकडची रांग," मी म्हटलं.

"सगळी?"

"कानात बोळे घातलेत का? सगळी म्हणजे सगळी."

'शेवटचं सोडून' एवढं म्हणायला काय लागत होतं? दोन शब्द. मी मुद्दाम नाही गाळले, देवाशपथ. त्या माणसाशी बोलणं लवकर संपावं एवढंच डोक्यात होतं, आणि त्या घाईत माझ्या भावाचं पीप माझ्याच लक्षातून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसलो. मी ट्राउट तळली होती, जोडीला शार्डोने. एदमे खुशीत होता. दोनतीन घास झाल्यावर हात पुसत म्हणाला, "जिस्लेन, रागावणार नसलात तर एक सांगतो. तुमचं एक पीप फार तहानलेलं होतं हो."

"कुठलं?"

"खिडकीजवळचं, अगदी टोकाचं. ऐंशी लिटर प्यालं! टाकीतल्या ताज्या सावान्यांचे चार कॅन मी खांद्यावरून नेले. वर बुरशीसारखा पापुद्रा धरला होता, अक्रोडाचा वास यायला लागला होता. म्हटलं, एकट्या बायका, कुठे कुठे बघणार? अजून चार महिने गेले असते तर हातची गेली असती. वेळेवर पोचलो."

आणि तो आमच्याकडे बघत राहिला, कोणी शाबास म्हणेल म्हणून.

जिस्लेनचा काटा ताटलीत पडला.

"तुम्ही अंतेल्मचं पीप भरलंत?"

"अंतेल्मचं? पण पिवळी वाइन तर माळ्यावर..."

"एक सोडून! ते एक सोडून! सहा वर्षं झाली त्याला, एदमे. फेब्रुवारीत उघडायचं होतं. त्याच्या हातचं शेवटचं होतं ते." तिनं ताटली दूर सारली. "कोणी सांगितलं तुम्हाला ते भरायला?"

तेव्हा एदमेनं माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मी ट्राउटच्या डोळ्याकडे बघत होते, आणि तो डोळासुद्धा माझ्याकडेच बघत होता.

"कोणी नाही," एदमे म्हणाला. "सवयीनं हात चालला."

"मग तो हात घेऊन घरी जा," जिस्लेन म्हणाली. "आणि परत येऊ नका."

तो उठला. टोपी घेतली. दारात पाय पुसले, बाहेर जाताना. इतका गोंधळला होता बिचारा.

आणि मी? एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी माझी ख्याती. त्या दिवशी मिठाची गुळणी धरून बसले.

थंडी पडली. जिस्लेनचं प्लास्टर निघालं, पण हसणं परत गेलं ते गेलंच. रविवारी ती स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या जेवायची. मीही धड जेवत नव्हते. कोंते चीजचा तुकडा तोंडात टाकावा तर साबण खाल्ल्यासारखं लागायचं. दुकानात लोक विचारायचे, "उर्सुलबाई, याच्याबरोबर काय खावं?" आणि मी म्हणायची, "जे असेल ते खा." गावात चर्चा झाली की माझी प्रकृती ठीक नाही.

रोज सांगीन म्हणायची. सकाळी ठरवायची, दुपारी गिळायची. काय सांगणार? ज्या पिपाजवळून मी सहा वर्षं चोरपावलांनी चालले, ते मीच बुडवलं? भावाचं बुडवलं ते बुडवलं, आणि वर भावजयीचं हसूही? जानेवारीच्या शेवटी एदमेच्या घराच्या कुंपणावर 'विकणे आहे'ची पाटी लागली. मुलीकडे दिजाँला चालला होता.

फेब्रुवारीचा पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे सणच. नवी पिवळी वाइन उघडतात, बँड वाजतो, सगळं गाव चौकात असतं. आम्ही गेलो नाही. सकाळी नऊ वाजता जिस्लेननं कोंबडी कापायला घेतली आणि सुकवलेल्या रानअळंब्या भिजत घातल्या.

"वन्सं," ती म्हणाली, "जरा तळघरात जाऊन त्याच्या पिपातून दोन बाटल्या काढून आणा."

"त्यात काय उरलंय आता?"

"जे उरलंय ते. आज त्याचा दिवस आहे. कोंबडीतही तीच घालणार. दुसरी पिवळी मी आज या घरात उघडणार नाही."

अळंबी-मलईतली कोंबडी अंतेल्मचा जीव की प्राण. तिच्यात पिवळी वाइन आणि तिच्याबरोबरही पिवळीच. मी खाली गेले, बूच काढलं. साय अर्थातच नव्हती. बाटल्या भरताना नाक दुसरीकडे वळवलं. वास घ्यायची हिंमतच नव्हती.

दुपारी समोरासमोर बसलो. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं. खालून चौकातला बँड ऐकू येत होता, नेहमीसारखा बेसूर. जिस्लेननं पेले भरले. रंग पिवळ्या वाइनपेक्षा उजळ होता. मी डोळे मिटून घोट घेतला.

आणि अंतेल्म होता.

खरंच सांगते, होता. अक्रोड होता, त्याच्या पिपाच्या जुन्या लाकडाचा वास होता, जिभेच्या कडेला खारट झिणझिण्या होत्या. सहा वर्षं सायीखाली बसलेला माझा भाऊ. पण त्याच्या मागून कोणीतरी हिरवं सफरचंद कापल्यासारखा ताजा, गार वास येत होता. मी घाईघाईनं कोंबडीचा घास घेतला, परत एक घोट घेतला. कोंबडीची चव लागली. अळंबी वेगळी लागली, मलई वेगळी लागली. अस्सल पिवळी वाइन तोंडात आली की जेवणाची बोलती बंद होते. ती एकटीच बोलते, आणि तिच्यापुढे लोक माना डोलावतात. ही बोलत होती आणि मध्ये मध्ये थांबत होती.

जिस्लेन चावायची थांबली होती. तिनं परत घोट घेतला. परत घास. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय.

"वन्सं," ती कशीबशी म्हणाली, "पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हा माणूस दुसऱ्याला बोलू देतोय!"

आणि ती हसली. तीच जुनी खळखळ, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसायला लागले, आणि हसता हसता माझा बांध फुटला तो फुटलाच.

"जिस्लेन, मी सांगितलं होतं त्याला."

"काय?"

"पीप भरायला. त्यानं विचारलं सगळी रांग का, मी म्हटलं सगळी म्हणजे सगळी. वर कानात बोळे घातलेत का म्हणून विचारलं. त्याचा काही दोष नाही. त्यानं माझं नाव घेतलं नाही, आणि मीही गप्प राहिले."

जिस्लेनचं हसू थांबलं. तिनं पेला खाली ठेवला.

"चार महिने?"

"चार महिने."

"माझ्याकडे रोज बघत होतात, उभ्यानं जेवताना?"

"बघत होते."

ती उठली. हातात मोठा डाव होता, मलईनं भरलेला. "तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण आहात म्हणून, नाहीतर हा डाव आज तुमच्या टाळक्यात बसला असता. मत्सर वाटला ना तुम्हाला?"

"हो, वाटला," मी म्हटलं. "वाटलं, तो येऊन बसला तर अंतेल्म कुठे बसणार?"

तिनं डाव पातेल्यात ठेवला आणि कपाटातून तिसरी ताटली काढली.

"जा. घेऊन या त्याला. कोंबडी गार व्हायच्या आत."

"मी?"

"मग काय बँडवाल्यांना पाठवू?"

मी अंतेल्मचे बूट घातले, तेच दाराशी होते, आणि गुडघाभर बर्फातून शेजारी गेले. एदमे खोक्यांच्या मधोमध बसून पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मला बघून उभा राहिला.

"मादमोआझेल, मी कोणाला काही बोललो नाही."

"तेच तर! कशाला नाही बोललात? माणसानं एवढंही चांगलं असू नये, दुसऱ्याच्या जिवाला घोर लागतो. चार महिने मी चीज खाल्लं नाही तुमच्यापायी."

"म्हणजे..."

"म्हणजे मी सगळं सांगून टाकलं. आणि तुमची माफी मागते. एकदाच मागणार आहे, नीट ऐकून घ्या. चुकले मी."

तो माणूस सहा फुटांचा, पण खोक्यावर मटकन बसला. खोक्यात काहीतरी फुटलं.

"फुटू द्या," मी म्हटलं. "आमच्याकडे आहेत पेले. आणि हे मादमोआझेल मादमोआझेल बंद करा. सत्तरीची आहे मी. उर्सुल म्हणा."

घरी आल्यावर जिस्लेननं त्याला खुर्ची दाखवली. तिनं त्याला वाढलं, भरपूर वाढलं, आणि पेला पुढे सरकवला. त्यानं टोपी काढली. प्याला, खाल्लं, परत प्याला. मग कोंते चीजचा तुकडा घेतला, दोन वर्षं मुरलेला. मीही घेतला. साबण कुठल्या कुठे गेला होता.

"मला वाटलं होतं, मी त्याला मारलं," एदमे हळूच म्हणाला.

"त्याला गप्प करणं एवढं सोपं नव्हतं," जिस्लेन म्हणाली, आणि टेबलावरचा त्याचा सुपाएवढा हात तिनं आपल्या हातानं झाकला. माझ्यासमोर. मी चीज कापत राहिले. जरा जाडच कापलं.

जेवण झाल्यावर तिघं तळघरात गेलो. एदमेनं आठव्या पिपावर बोटानं टकटक केलं, खालपासून वरपर्यंत. वरच्या बाजूला आवाज पोकळ आला. दोन बाटल्या काढल्या होत्या, तेवढी जागा रिकामी झाली होती. त्यानं पटकन दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि छताकडे बघायला लागला. पण मला दिसत होतं, त्याच्या पोटात दुखत होतं.

मी टाकीकडे गेले. ताज्या सावान्यांचा कॅन भरला, दोन्ही हातांनी उचलून आणला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"उर्सुल," तो म्हणाला, "हे कुठल्या पिपासाठी? नीट सांगा. शेवटचं सोडून ना?"

मी अंतेल्मच्या पिपाचं बूच काढलं.

"नाही," मी म्हटलं. "शेवटचंच. काठोकाठ भरा."